थोरलीचा मूळ पट्टा

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, तंत्रनिकेतनाचे माजी प्राचार्य महोदय. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, जुन्या मोटारींचे नामांकित संग्राहक. मोटारप्रेमी मंडळाचे सर्व पदाधिकारी. आमच्या वर्कशॉपमधले सहकारी. गाडी सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही म्हणून माझ्यावर अजूनही रागावलेले, तरीही अगत्याने आलेले आमचे ग्राहक. बंधूंनो आणि भगिनींनो. आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेले आमचे मुख्य मेकॅनिक, माझे भागीदार आणि माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनाही पाचच मिनिटं दिली होती. त्यांनी त्यांचं काय केलं ते आपण पाहिलंत. त्यामुळे माझ्याकडून वक्तशीरपणाची अपेक्षा कुणी करू नये, मी आधीच वैतागलेला आहे.

वैतागण्याचं पहिलं कारण सांगतो. व्यासपीठावर पाच खुर्च्या आहेत आणि त्यातली एकही माझ्या ताईसाठी नाही. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. मी मंडळाच्या लोकांना दोनदा म्हटलं, अहो, निदान एक खुर्ची वाढवा. तर म्हणाले, कार्यक्रम मोटारींचा आहे, वहिनींना वर बसून कंटाळा येईल. कंटाळा येईल! अध्यक्ष महोदय, या सभागृहात गियर बदलायची खरी अक्कल असलेली माणसं मोजली तर ताईचा नंबर फार वर लागेल. भाऊजींच्या वर लागेल का, हे मी बोलत नाही. ते शेजारीच बसले आहेत.

दुसरं कारण. मघापासून इथे तुलना चालली आहे. पहिली पिढी बरी की दुसरी? कुणाची अश्वशक्ती किती, कोण किती सेकंदांत किती वेग घेते, कोणती संग्रही ठेवण्यासारखी. एका वक्त्यांनी तर पडद्यावर तक्ता दाखवला. तो तक्ता मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

ज्यांना मोटारींचं वेड नाही असे चार शहाणे लोक इथे असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छोटी, घरगुती, मागचं झाकण वर उघडणारी गाडी असते ना, तिच्या पोटात कारखान्याने दांडगं इंजिन बसवलं की तिला हॉट हॅच म्हणतात. दिसायला भाजी आणायची गाडी, पण सिग्नल सुटला की शेजारच्या लांबलचक गाडीला मागे टाकणार. आमच्या भाऊजींकडे अशा एकाच मॉडेलच्या दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीची पांढरी, तिला आम्ही थोरली म्हणतो. दुसऱ्या पिढीची गडद हिरवी, ती धाकटी.

थोरली हलकी. पत्रा पातळ, इंजिनाचा आवाज सगळा आत. स्टिअरिंगला यंत्राची मदत नाही, त्यामुळे उभ्या जागी वळवायची तर दोन्ही खांदे लागतात. पण पळायला लागली की रस्त्यावरचा खडा न खडा तळहाताला कळतो. धाकटीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोडं सुधारलेलं. अंगाने ती थोरलीपेक्षा दोन माणसांच्या वजनाइतकी जास्त जड, दारं जाड, ब्रेक चांगले, स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. सरळ रस्त्यावर धाकटी पुढे जाते, वळणावर थोरली तिला गाठते. जाणकार म्हणतात धाकटी सुखवस्तू झाली, तिच्यात ती मजा नाही. झाली तुलना. याला पाऊण तास लागत नाही.

आता राहिली संग्राह्यता. हा शब्द प्रमुख पाहुण्यांचा, माझी जीभ त्यावर अडखळते. थोरल्या फार उरल्या नाहीत. काही गंजून गेल्या, बाकीच्या त्या काळच्या तरुणांनी झाडांवर नेऊन घातल्या. त्यामुळे उरलेल्यांचा भाव चढला. आणि त्यातही मूळ हवं! मूळ रंग, मूळ टायर, मूळ काचा. भाऊजींनी थोरलीच्या सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. ती शेडमध्ये पांघरूण घेऊन उभी. महिन्यातून एकदा तिला आवारात फिरवायची आणि कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत नेऊन आणायची. ताई त्या गाडीत लग्नानंतर एकदाच बसली. उन्हाळा होता आणि सीटवर प्लास्टिक. पुन्हा बस म्हणून तिला कुणी म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही.

दर रविवारी मंडळाची मंडळी यायची. हात पाठीमागे बांधून थोरलीभोवती फिरायची, अहाहा करायची. आणि चहा आला की कप कुठे ठेवायचे? तर बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या धाकटीच्या टपावर! मी काउंटरच्या खिडकीतून हे वर्षानुवर्षं बघत आलो आहे. तुमच्यापैकी कोण कोण होतं तेही मला ठाऊक आहे.

धाकटी ताईची. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही, अशांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. सकाळी निघते ती संध्याकाळी येते. मागे वॉकर, मोठा चेंडू, वाळूच्या पिशव्या. ज्या वेगाने ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पोचते त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, कारण मागच्या रांगेत वाहतूक शाखेचे साहेब बसले आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इंजिनात एक रबरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल तो सांभाळतो. तो तुटला तर दोघं एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. हा पट्टा गाडी उभी असली तरी वयाने कुजतो. हे मला कुणी शिकवलं? भाऊजींनी. आमच्या काउंटरमागे तशी पाटी आहे, त्यांच्याच अक्षरात. पट्टा न बदललेल्या ग्राहकाला ते अशी काही झाडतात की माणूस गाडी सोडून पायी घरी जातो. प्राचार्य महोदय, आपल्यालाही एकदा झाडलं होतं, आपण मोठ्या मनाने विसरला असाल.

आणि त्यांच्या स्वतःच्या थोरलीचा पट्टा? तो बदलला नव्हता. कधीच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, त्यावर कारखान्याचा शिक्का आहे, असा पट्टा आता जगात कुणाकडे असेल? मी म्हटलं, कुणाकडे नसेल, कारण शहाण्या माणसांनी तो फेकून दिला. त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

मग मंडळाने तुलना दिवस ठरवला. गावाबाहेरच्या बंद धावपट्टीवर दोन्ही पिढ्या प्रत्यक्ष पळवायच्या. थोरली अर्थातच भाऊजी चालवणार. धाकटीचा तिसरा गियर ताईशिवाय कुणाचं ऐकत नाही, म्हणून नाइलाजाने ताईला बोलावलं. ताईने मागचा चेंडू आणि वाळूच्या पिशव्या काढून माझ्या हातात दिल्या, चष्मा पुसला आणि जाऊन बसली.

सुरुवातीला थोरली पुढे होती, हे मान्य केलं पाहिजे. पहिलं वळण तिने इतकं सुंदर घेतलं की माझ्यासारख्याच्या अंगावरही काटा आला. भाऊजींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मनापासून पळवलं. मग सरळ पट्टी आली, त्यांनी पाय दाबला आणि स्वयंपाकघरात चमच्यांचा ट्रे पडावा तसा आवाज झाला. पुढे काहीच नाही. थोरली नुसती घरंगळत कडेला गेली.

ताई थांबली नाही. तिने फेरी पूर्ण केली, वेळ नोंदवून घेतली आणि मग दोर घेऊन परत आली. तोपर्यंत भाऊजी काय करत होते? बॉनेट उघडून पट्ट्याचे तुकडे रुमालात गोळा करत होते. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, मूळ आहेत. मी कपाळाला हात लावला. तिथून वर्कशॉपपर्यंत धाकटीने थोरलीला ओढत आणलं, आणि भाऊजी मागच्या गाडीत रुमाल मांडीवर घेऊन बसले होते.

इथवर ठीक होतं. माणूस आपल्या वेडापायी आपलं नुकसान करून घेतो, आपण हसतो आणि सोडून देतो. पण पुढे जे झालं त्याने माझं डोकं फिरलं. थोरलीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकलं होतं, व्हॉल्व्ह वाकले होते. नवं हेड आता बनत नाही, जुनं मिळेना. आणि आजच्या समारंभात खाली आवारात दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी मांडायच्या, प्रमुख पाहुण्यांना थोरली चालू करून दाखवायची, असं ठरलेलं. मग यांच्या ध्यानात आलं की धाकटीचं हेड थोरलीला बसतं.

एका सकाळी मी वर्कशॉप उघडलं तर धाकटी स्टँडवर, बॉनेट उघडं आणि इंजिनाला वरचा मजलाच नाही! मी विचारलं, ताईला विचारलंत? म्हणाले, सांगितलं. मी म्हटलं, मी विचारलंत का असं विचारतोय. त्यावर ते पाना पुसायला लागले.

ताईने काय केलं? वॉकर घडी करून खांद्याला लावला आणि बसने जायला लागली. दोन बस बदलून पहिला रुग्ण. जे दिवसाला सात व्हायचे ते तीनवर आले. बाकीच्यांना ती फोन करून सांगायची, या आठवड्यात तुमचं तुम्ही करा, मोजून करा, थांबवू नका. चौथ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले. ते महत्प्रयासाने उभे राहायला लागले होते. व्यायामात खंड पडला आणि ते पुन्हा बसले. ताईने हे मला बसथांब्यावर सांगितलं आणि मान वळवून बसची वाट बघत राहिली. मला तेव्हा भाऊजींचा इतका राग आला की त्या दिवशी माझ्या हातात पाना नव्हता ते बरं झालं. हे मी त्यांच्या निरोप समारंभात सांगतो आहे याची मला जाणीव आहे. पण आला होता राग. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगतो, आणि ही रीत भाऊजींनीच घातलेली आहे. हेड बसवताना त्याचे बोल्ट ठराविक क्रमाने, ठराविक जोराने आवळायचे असतात. एकाने पाना धरायचा, दुसऱ्याने दिवा धरून पान्यावरचा जोर दाखवणारा काटा बघायचा आणि बरोबर असेल तर ‘हो’ म्हणायचं. ‘हो’ आल्याशिवाय पुढच्या बोल्टला हात लावायचा नाही. शेवटचा ‘हो’ आल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, म्हणजे वरचं झाकण लावायचं नाही. आवळणारा कितीही मोठा मेकॅनिक असला तरी एकट्याने इंजिन बंद करायचं नाही म्हणजे नाही. आमच्याकडून एकदा बंद झालेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, त्याचं कारण ही रीत आहे.

भाऊजींनी मला हाक मारली, ये, ‘हो’ म्हणायला. मी म्हटलं, मी येणार नाही. त्यांनी इतरांकडे पाहिलं. एकाला अचानक बॅटरी आणायला जायचं होतं, दुसऱ्याची कंबर धरली होती, तिसरा गाडीखाली शिरला तो निघेचना. सगळं वर्कशॉप ताईच्या बाजूचं होतं, फक्त तोंडाने कुणी बोलत नव्हतं. शेवटी संध्याकाळी ताई बसमधून उतरून आली, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं.

ताईने पर्स टेबलावर ठेवली, हातदिवा घेतला आणि उभी राहिली. एकेक बोल्ट झाला. हो. हो. हो. मी काउंटरवरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय ही बाई, किती ऐकून घ्यायचं! शेवटचा बोल्ट आला. भाऊजींनी आवळला. ताई गप्प.

“म्हण की,” भाऊजी म्हणाले.

“हे हेड कुणाच्या गाडीचं?” ताईने विचारलं.

“तुझ्या.”

“मग ही गाडी उद्यापासून मी कामावर नेणार. प्लास्टिक काढून. कबूल असेल तर हो म्हणते.”

त्यानंतर भाऊजींनी जे युक्तिवाद केले ते सगळे सांगत बसत नाही. ऊन लागेल, पाऊस लागेल, कुणीतरी दार आपटेल, किलोमीटर वाढतील. ताई दिवा नुसता धरून राहिली.

मंडळी, इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. काटा भाऊजींनाही दिसत होता. बरोबर जागेवर होता. ते स्वतःच ‘हो’ म्हणून झाकण लावू शकले असते. गाडी चालली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी तसं केलं नाही. पाना तसाच हातात धरून हा माणूस उभा राहिला, कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला तरी. आणि मग म्हणाले, “कबूल.” ताई म्हणाली, “हो.” एवढ्या एका गोष्टीसाठी मी आज इथे बोलायला उभा आहे. या माणसाने मला आयुष्यभर छळलं, पण त्यांच्या हाताखाली काम केल्याचा मला अभिमान आहे, आणि हे मी त्यांना एरवी तोंडावर कधी सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक निघालं. पहिल्या चक्करला मी बरोबर येणार, इंजिन नवं जुळलेलं आहे, असं म्हणत भाऊजी शेजारी बसले. ताईने गाडी वर्कशॉपमागच्या चढाच्या रस्त्याने घातली. आधी सावकाश, इंजिन गरम होईपर्यंत, आणि मग तिच्या पद्धतीने. ताईने मला सांगितलं, भाऊजींनी दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते. तिला वाटलं, आता ओरडतील. टेकडीवर पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “खालून परत एकदा घे.”

हाच माणूस, ज्याने पंधरा पिढ्या पुरतील इतकी या गाडीची कौतुकं सांगितली, त्याने ती गाडी धडपणे ऐकली ती त्या दिवशी! मी याच्यावर काय बोलू?

आता थोरलीची संग्राह्यता कुठे आहे म्हणाल, तर गेली. इंजिन अर्धं एकीचं, अर्धं दुसरीचं. मागच्या बंपरवर वॉकरचा ओरखडा, सीटला मालिशच्या तेलाचा डाग. प्रमुख पाहुण्यांनी आज दुपारी आवारात तिच्याकडे एकदा बघितलं आणि रुमाल काढला. त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण पुढे काय झालं? ते सावरले आणि स्टँडवरच्या धाकटीकडे गेले. तिच्या दारावरून हात फिरवत म्हणाले, या दुसऱ्या पिढीलाही आता हात लावू नका बरं, अशा नीट राहिलेल्या फार नाहीत, हळूहळू यांनाही मागणी येईल. आणि हे ऐकताना आमच्या सत्कारमूर्तींच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पाहिली! पाहुणे महोदय, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून हात जोडून विनंती करतो, कृपा करून यांना काही सुचवू नका. धाकटीच्या टपावर तुम्ही सगळ्यांनी इतके कप ठेवले आहेत की त्यांचे गोल डागसुद्धा हे आता मूळ म्हणून जपतील.

मी तिच्यासाठी हेड शोधतो आहे. ते मिळालं की बोल्ट भाऊजींनी आवळावेत, ‘हो’ म्हणायला या वेळी मी येईन.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. पण… अध्यक्ष महोदय, आपल्या डावीकडची खुर्ची रिकामी झाली आहे. ताई उठली तसे तेही उठले. पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबून गेलेत. मी बोलत असताना, भर सभेत! ही काय पद्धत झाली?

बरं, ते कुठे निघालेत ते मला ठाऊक आहे, सांगून टाकतो. ताईच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून चौथ्या मजल्यावरचे ते आजोबा पुन्हा चालायला लागले, आज वर्षभरानंतर ते पहिल्यांदा जिना उतरणार आहेत आणि ताई त्यांना गाडीतून फिरवून आणणार आहे. या कार्यक्रमाची तारीख बदला असं तिने मंडळाला आधीच सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. आता जाता जाता भाऊजी तिला काय म्हणाले ते या माईकमधून पुढच्या रांगांना ऐकू गेलं असेल, मागच्यांसाठी मी पुन्हा सांगतो. म्हणाले, “आजोबांना पुढे बसव, मी मागे बसतो.”

ज्यांनी थोरली पाहिली आहे त्यांना कळेल. तिला मागच्या सीटसाठी वेगळं दार नाही. पुढची सीट दुमडायची आणि वाकून, एक पाय आधी घालून आत शिरायचं. हे सहा फूट उंच आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. या गाडीत त्यांच्यासाठी पुढची जागा सोडून दुसरी जागा असू शकते हे त्यांना आजवर कधी सुचलं नव्हतं.

असो. अध्यक्ष महोदयांनी अध्यक्षपद भूषवलं, प्रमुख पाहुणे लांबून आले, मंडळाने सभागृह आणि चहा दिला, आणि आपण सर्वांनी मला सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाला टोचून बोललो असेन तर मनात ठेवू नका. सत्कारमूर्ती सत्कार अर्धवट टाकून गेले, तेवढं मात्र घरच्या माणसाची चूक म्हणून माझ्याकडे बघून पोटात घाला. खिडकीजवळ बसलेल्यांनी जरा बाजूला व्हा, ते आत शिरले का ते मला बघू द्या.